सोलापूरच्या खेड्यांतले मधले उत्पन्न

सगळी कुटुंबे उत्पन्नाच्या चढत्या क्रमाने लावली, की बरोबर मधल्या कुटुंबाचे उत्पन्न म्हणजे मध्यक. सोलापूर जिल्ह्यात सरासरीपेक्षा हाच आकडा खरा उपयोगाचा. उजनीच्या पाण्यावर ऊस घेणारा बागायतदार आणि मंगळवेढ्याचा जिरायती ज्वारीवाला एकत्र मोजले की सरासरी फुगते.

अडचण माहितीची. जनगणना उत्पन्न विचारतच नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेने ग्रामीण कुटुंबातील सर्वाधिक कमावत्याचे मासिक उत्पन्न नोंदवले, तेही तीनच गटांत: ५,००० रुपयांहून कमी, ५,००० ते १०,००० आणि त्याहून जास्त. निम्मी कुटुंबे ज्या गटात पुरी होतात तिथे मध्यक. गटातली जागा प्रमाणाने काढायची. अर्थात एका कमावत्याची कमाई म्हणजे घराचे उत्पन्न नव्हे.

वेगवेगळ्या वर्षांची तुलना करताना ग्रामीण किंमत निर्देशांकाने भागून महागाई काढावी लागते. नाबार्डच्या पाहण्यांत देशातील ग्रामीण कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २०१५-१६ मध्ये ८,०५९ रुपये होते, २०२१-२२ मध्ये १२,६९८. ही वाढ महागाईसकट आहे. शिवाय तुलनेचे पहिले वर्ष दुष्काळाचे निघाले, तर पुढची वाढ उगाच मोठी दिसते. सोलापुरासाठी तीन-चार वर्षे एकत्र धरलेली बरी.