‘जनी म्हणे’ गाळून कसं चालेल?



आपल्या केंद्रावरची बोलणी, ओव्या, दवाखान्याच्या वेळा, सगळं आम्ही कॉम्प्युटरवर कापतो, जोडतो. त्यासाठी मागच्या वर्षी एका दुकानदाराकडून सॉफ्टवेअर घेतलं. साडेचार हजार रुपये, गटाच्या खात्यातून. वर त्याच्याच दुकानाचं नाव. आम्हाला वाटलं, यानंच बनवलं असेल. मग प्रशिक्षणाला गेलेली आमची एक जण परत आली आणि पडद्याकडं बघून म्हणाली, “अगं, ही तर ऑडॅसिटी! हे फुकट मिळतं की!”

ऑडॅसिटीचं काम १९९९ साली अमेरिकेत, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनी ते केलं. २००० साली त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. पुढं कितीतरी जणांनी त्यात भर घातली.

पैसे गेल्याचा राग आलाच. पण त्याचा परवाना, म्हणजे जीपीएल, समजून घेतला तेव्हा कळलं की विकणं हा गुन्हा नव्हताच. विकायला मुभा आहे, बदलायलाही आहे. वेगळं नावही देता येतं. ऑडॅसिटी हे नाव ट्रेडमार्क असल्यानं बदललेल्या प्रतीला वेगळं नाव दिलेलंच बरं. मात्र मूळ करणाऱ्यांच्या हक्काची नोंद पुसायची नाही, आपण काय बदललं ते तारखेसकट लिहायचं, परवाना सोबत द्यायचा आणि मूळ कोड घेणाऱ्याला मिळेल असं बघायचं. दुकानदारानं यातलं काहीच केलं नव्हतं.

आपण जनाबाईंचा अभंग कुठल्याही चालीवर म्हणतो. कुणी हरकत घेत नाही. पण शेवटचं ‘जनी म्हणे’ काढून तिथं आपलं नाव घातलं, तर देवळातली म्हातारी आपल्याला उठवून लावेल.

लिबरऑफिसवाल्यांनी हे नीट केलं. २०१० साली ते ओपनऑफिसपासून वेगळे झाले, नवं नाव घेतलं; पण आपण कुठून निघालो हे ते उघड सांगतात.

आता आमचंच सांगतो. दुकानदाराला नावं ठेवून झाली आणि लक्षात आलं, आम्हीही तेच करायला निघालो होतो. एकीच्या मुलानं बटणांवरचे शब्द आपल्या बोलीत केले होते, ‘काप’, ‘चिकटव’, ‘गप’. फार गोड झालं होतं! त्यावर गटाचं नाव घालून, ‘आमचं सॉफ्टवेअर’ म्हणून आम्ही ते शेजारच्या गावांना देणार होतो. बैठकीत वादही झाला. एक म्हणाली, अमेरिकेतल्या माणसाला कुठं कळणार आहे? दुसरी म्हणाली, आपल्या लोणच्यावर व्यापाऱ्यानं स्वतःचं लेबल लावलं तेव्हा आपल्यालाही उशिराच कळलं होतं. मग सगळ्या गप्प बसल्या.

आता पहिल्याच पानावर लिहिलंय: हे मूळ ऑडॅसिटी, करणारे अमुक, शब्द बदलले आमच्या गटानं, तारीख अमुक. शब्द बदलणाऱ्या मुलाचंही नाव आहे.

ज्या गटांना हवं असेल त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन बुधवारी दुपारी केंद्रावर यावं. परवाना आणि मूळ कोडही त्यातच भरून देऊ. पैसे नाहीत.