दोन कुलपांचं देऊळ



शाल घेतली, नारळ घेतला. पण अध्यक्षानं चार गोड शब्द बोलून खाली बसावं, ही अपेक्षा काही मी पुरी करणार नाही. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मंडळीचं पुनरुज्जीवन’. पुनरुज्जीवन करायचं तर आधी मेलं कोण आणि मारलं कुणी, हे बोलावं लागतं. मारणाऱ्यांपैकी काहीजण पहिल्या रांगेत बसलेत. मीही त्यांतलीच. किती वर्षं पंच कमिटीवर होते, हात वर करून ठराव पास करत होते. तेव्हा आजचे जोडे माझ्याही डोक्यावर पडू द्या.

मागच्या महिन्यात मी माझ्या गावी गेले होते, नगर जिल्ह्यात. माझे वडील तिथे मिशनचे मास्तर. सहा दिवस शाळा, सातव्या दिवशी उपदेश. आपलं ख्रिस्ती देऊळ अजून उभं आहे, दगडी आहे, पडणार नाही. फाटकाला मात्र दोन कुलपं. एक एका गटाचं, एक दुसऱ्या गटाचं. दोन्ही गट स्वतःला विश्वस्त म्हणवतात, दोघांचे चेंज रिपोर्ट धर्मादाय कचेरीत पडून आहेत. दोन्ही किल्लीवाले एकाच रविवारी आले तर उपासना, नाहीतर नाही. खिडकीतून आत डोकावले. पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला. फळ्यावर कुठल्यातरी रविवारचे गीतांचे नंबर खडूनं लिहिलेले, कुणी पुसलेच नाहीत.

समोरच्या घरातल्या म्हातारीनं मला ओळखलं. ती आपल्या मंडळीतली नाही, तिच्या दारात तुळस आहे. म्हणाली, “मास्तरांची ना गं तू? तुमची घंटा का वाजत नाही आता? त्या घंटेवर मी रविवारी न्हाणं काढायची पोरांचं.”

बंधूभगिनींनो, शेजारणीला घंटा आठवते आणि आपल्याला सातबारा. मंडळी कशानं मेली याचा पंचनामा मला त्या फाटकापाशीच मिळाला.

आता तुमचे बचाव एकेक करून घेते. पहिला बचाव, तरुण बिघडले. तरुण कुठे गेले ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. ते पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थना केंद्रात गेले. तिथला उपदेश मलाही पटत नाही. पण तिथे कुणी आजारी पडलं तर रात्री दहा वाजता चारजण घरी येतात. आपल्याकडे माणूस ख्रिस्तवासी झाल्यावर कळतं, आणि मग वर्गणी थकलेली आहे का, हे वही काढून बघितलं जातं. कब्रस्तानात जागा देण्याआधी पावती मागणाऱ्यांनी तरुणांना नावं ठेवू नयेत.

दुसरा बचाव, पैसा नाही. वकिलाला द्यायला आहे. पुढे?

तिसरा बचाव, बाहेरचं वातावरण. हे मी थट्टेवारी नेणार नाही. भीती खरी आहे. प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर लोक धावून गेल्याचं आपण ऐकलंय, काहींनी सोसलंय. पण एक विचारते. उद्या आपल्या दारात जमाव आला तर गल्लीतलं कोण मधे उभं राहील? ज्यांच्या लग्नाला आपण गेलो, ज्यांच्या पोरांना आपण शिकवलं, तेच ना? 2011च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे 10 लाख 80 हजार, शेकडा एकसुद्धा भरत नाहीत. इतक्या थोड्या माणसांना शेजारी हेच कुंपण असतं. आपण ते काढलं आणि तारेचं घातलं.

आपली मंडळी जन्मली कशी, ते आठवा. अमेरिकन मिशननं नगरला ठाणं केलं 1831 साली. लोक काही पहिल्या दिवशी उपदेश ऐकायला आले नाहीत. मिस फरारबाईंनी मुलींची शाळा चालवली. ती बघून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे त्याच बाईंकडे घेतले. ‘ज्ञानोदय’ 1842 साली नगरहून निघाला, त्यात शास्त्र होतं, बातम्या होत्या, वाद होते. परक्याशी वाद घालायला आपण घाबरत नव्हतो. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनात आणली. दुष्काळात पंडिता रमाबाई पोरक्या मुली, विधवा गोळा करत फिरल्या, त्यांना केडगावला आणलं. आणि त्याच रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत केलं, साध्या बाईला कळावं म्हणून. गोव्यात फादर स्टीफन्सनी 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापलं. मूळचा इंग्रज माणूस! त्याला ओवी परकी वाटली नाही, आणि आपल्या तरुण संघाला आज अभंग जुनाट वाटतो.

रेव्हरंड टिळकांचं नाव आपण ऊठसूट घेतो. त्यांची गीतं गातो, जयंती करतो. त्यांनी शेवटी काय केलं, ते मात्र कुणी सांगत नाही. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेला चाले, न झालेलाही चाले. कंपाउंडच्या भिंतीत ख्रिस्त मावत नाही, हे त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. दोनच वर्षांत ते गेले. आपण त्यांची तसबीर लावली, तीही भिंतीच्या आतल्या बाजूला.

कुणी म्हणेल, जुन्या काळच्या गोष्टी. मग कालपरवाची घ्या. वसईत पाणी टँकरवाले उपसत होते, जमिनीवर बिल्डरांचा डोळा होता. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या चळवळीत उतरले. विहिरीचं पाणी कॅथलिक नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून जानेवारी 2020मधल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांचं नाव आलं, तेव्हा विरोध झाला तरी मराठी माणूस त्यांच्या बाजूनं बोलला. तुमच्या तालुक्यात पाण्याची बोंब नाही? कांद्याचा भाव पडत नाही? त्यावर आपल्या व्यासपीठावरून शेवटचं वाक्य कधी ऐकलंत?

आता दुखरी नस. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. आपण बाहेरच. म्हणून आपल्या कितीतरी पोरांची नावं घरी सॅम्युअल, रूथ आणि दाखल्यावर वेगळी. या पोरांना आपण व्यासपीठावरून ढोंगी म्हटलं. फीच्या रांगेत त्यांच्याबरोबर कोण उभं राहिलं? दाखला बघून माणसाची श्रद्धा मोजणारी मंडळी स्वतः पंगतीत जात विसरली होती का? कुठल्या वस्तीतलं कुटुंब कुठल्या बाकावर बसतं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तुम्हालाही आहे. मग माना का खाली गेल्या?

करायचं काय, असं विचाराल. मला मोठी योजना सुचत नाही. हंगामाचा सण आठवतो. वेदीपुढे ज्वारीची ताटं बांधलेली, भोपळे, टोपलीत अंडी, आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेच्या वेळी कोकलायची. उपासना झाली की अंगणात लिलाव. अख्खं गाव यायचं. पाटील भोपळ्यावर बोली लावायचे, घ्यायचे आणि परत टोपलीत टाकायचे, “पुन्हा बोला!” मग तांबोळीकाका घ्यायचे, तेही परत द्यायचे. एक भोपळा चार वेळा विकला जायचा आणि शेवटी मास्तरांच्या घरी शिजायचा. आज त्या सणाला आपण छापील पाकीट वाटतो. पाकिटात नोट येते, पाटील येत नाहीत.

तेव्हा तो लिलाव पुन्हा अंगणात आणा. वर्षाचा हिशेब उपासनेनंतर मोठ्यानं वाचा, कपबशीच्या खर्चासकट. शब्बाथ शाळेची खोली संध्याकाळी वस्तीतल्या सगळ्या पोरांना अभ्यासाला उघडा, आणि त्यांना बायबलचं वचन पाठ करायला लावू नका. दिवा लावा, पाणी ठेवा, पुरे. कोर्टातले दावे आपसात मिटवा. मिटत नसतील तर दोन्ही बाजूंनी विश्वस्तपद सोडा. देवळाची जमीन वाचवताना देऊळ गेलं, तर त्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं लावणार?

माझ्या गावच्या दोन्ही किल्ल्या आज या मांडवात आहेत. एक डाव्या बाजूला बसलीय, एक उजव्या. मी त्या मागणार नाही. मागून मागून आमची पिढी म्हातारी झाली. येत्या रविवारी सकाळी नऊला मी त्या फाटकाबाहेरच्या पायरीवर पेटी घेऊन बसणार आहे. पेटी शेजारच्या भजनी मंडळाची आहे, त्यांनी आनंदानं दिली. समोरची म्हातारी चहा करते म्हणालीय. घंटा आत आहे, ती तेवढी आम्हाला वाजवता येणार नाही.

ज्यांना यायचं त्यांनी यावं. किल्ल्या आणायच्या की नाहीत, तुमचं तुम्ही ठरवा.