अध्यक्षीय भाषण: बिलावरचा आकडा आणि बँकेतला आकडा

परदेशी ग्राहकासाठी घरी बसून काम करणाऱ्या भाषांतरकाराला, प्रोग्रामरला किंवा चित्रकाराला मोबदला सहसा थेट मिळत नाही. ग्राहकाने भरलेले डॉलर आधी काम मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाकडे जातात, तिथून पेपॅल किंवा पेओनियरसारख्या सेवेकडे आणि शेवटी रुपये होऊन बँकेत. वाटेत प्रत्येक जण आपले शुल्क कापून घेतो. मुक्त व्यावसायिकांच्या विवरणपत्रांतल्या अनेक चुकांचे मूळ इथेच आहे: शेवटी हाती पडलेला आकडा हेच उत्पन्न धरले जाते. म्हणून व्यावसायिकांच्या या परिषदेपुढे तोच विषय आधी ठेवणे योग्य आहे.

समजा, बिल १,००० डॉलरचे आहे आणि डॉलरचा दर ८५ रुपये. मंचाने १० टक्के घेतले, उरलेल्या ९०० डॉलरवर सेवेने ४ टक्के घेतले. बँकेत ७३,४४० रुपये जमा होतात; व्यावसायिकाची एकूण प्राप्ती मात्र ८५,००० रुपयांची असते. मधले ११,५६० रुपये हा धंद्याचा खर्च आहे. तो वजा मागता येतो, पण आधी प्राप्तीत दिसावा लागतो. वर्षभरात बँकेत १८ लाख रुपये आले, तर याच हिशोबाने एकूण प्राप्ती सुमारे २० लाख ८३ हजार भरते. म्हणजे महाराष्ट्रात सेवांसाठी असलेली जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा ओलांडली जाते. नुसते पासबुक पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

हाच घोटाळा अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत अधिक महागात पडतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४एडीएनुसार ठरावीक व्यवसायांना एकूण प्राप्तीच्या निम्मी किंवा त्याहून अधिक रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून मोकळे होता येते. हिशोबाच्या सविस्तर वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मर्यादा ५० लाखांची आहे, आणि रोखीची प्राप्ती ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. ऑनलाइन मोबदला घेणारा या दुसऱ्या अटीत सहज बसतो. परंतु उरलेल्या निम्म्यात सगळे खर्च आलेच, मंचाचे आणि सेवेचे शुल्कही आले. बँकेतल्या रकमेच्या निम्मे दाखवणारा तेच शुल्क दोनदा वजा करतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा आयकर कायदा घेतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, ही तरतूद कायम राहिली.

ठरावीक व्यवसायांची यादी हा या विषयातला सर्वांत दुखरा भाग आहे. वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट यांची नावे तिच्यात आहेत. माहिती तंत्रज्ञान नंतर अधिसूचनेने आले. चित्रपट कलाकारांच्या व्याख्येत कथा, पटकथा, संवाद आणि गीते लिहिणारेही येतात. भाषांतरकाराचे नाव कुठेच नाही, संकेतस्थळांसाठी मजकूर लिहिणाऱ्याचेही नाही. चित्रपटाचे संवाद लिहिणाऱ्याला स्पष्ट सवलत आणि तेच संवाद दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याला अनिश्चितता, हा भेद न्याय्य नाही. या व्यवसायांची नावे यादीत घालावीत अशी मागणी लेखक-भाषांतरकारांच्या संघटनांनी एकत्र येऊन करायला हवी. तोवर सीएच्या लेखी सल्ल्याशिवाय ही योजना घेणे त्यांच्यासाठी जोखमीचे आहे.

भारतीय कंपनी व्यावसायिक शुल्कावर १० टक्के टीडीएस, म्हणजे उगमातच कर, कापते. १ एप्रिल २०२५ पासून त्यासाठीची वार्षिक मर्यादा ३० हजारांवरून ५० हजारांवर गेली. ही कपात आयकर खात्याच्या २६एएस आणि एआयएस या विवरणांत दिसते. मार्चच्या बिलाची कपात मार्चमध्ये आणि पैसे एप्रिलमध्ये असे झाले, तर ज्या वर्षात ते उत्पन्न दाखवले त्याच वर्षात कपातीचे श्रेय मिळते. परदेशी ग्राहक भारतीय टीडीएस सहसा कापत नाही. त्यामुळे वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून अधिक असेल, तर आगाऊ कराचा भार व्यावसायिकावरच येतो. अंदाजित योजनेतल्यांना तो १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो.

जीएसटीत परदेशी ग्राहकाचे काम ही सेवेची निर्यात ठरली, तर करदर शून्य असतो. मात्र नोंदणी झालेल्याने कर न भरता निर्यात करण्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दाखल करावे लागते. मोबदला परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने मुभा दिली असेल तिथे रुपयांत आल्याचा पुरावाही लागतो. अडचण अशी, की पेपॅल-पेओनियरसारख्या सेवेकडून येणारी रक्कम बँकेत देशांतर्गत जमेसारखी दिसते आणि आपली बँक परकीय जमेचा दाखला देत नाही. तो सेवेच्या भागीदार बँकेकडून, व्यवहारागणिक किंवा महिन्यागणिक, मागून घ्यावा लागतो. वर्ष उलटल्यावर तो मिळवणे कठीण जाते.

अमेरिकी मंच भारतीय व्यावसायिकाकडून डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म भरून घेतात. आपण अमेरिकेचे करदाते नाही, असे त्यात जाहीर करायचे असते. भारतात बसून केलेल्या कामाचा मोबदला अमेरिकी उगमाचा मानला जात नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी व्यावसायिकाची गोष्ट वेगळी. तिथे पेमेंट सेवा १०९९-के हा फॉर्म पाठवते. २०२५ च्या अमेरिकी कायद्याने त्याची मर्यादा पुन्हा २०,००० डॉलरहून अधिक रक्कम आणि २०० हून अधिक व्यवहार अशी केली. फॉर्म आला नाही तरी उत्पन्न करपात्रच राहते.

शेवटचा मुद्दा परदेशात शिल्लक ठेवलेल्या पैशांचा. भारतातील सामान्य रहिवाशाच्या नावे परदेशी खाते असेल, तर ते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागते, आणि तिथली माहिती आर्थिक वर्षाची नव्हे, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाची असते. अशा व्यक्तीला आयटीआर-४ हा सोपा फॉर्म चालत नाही. व्यावसायिकाला आयटीआर-३ भरावा लागतो.