दगडाची जन्मतारीख

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. आमच्या पूर्णेत माझ्या वयाच्या कित्येकांची तीच आहे. नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकली, सालही अंदाजानंच. अम्मी मात्र सांगायची, १९७२च्या दुष्काळात मी तिच्या पोटात होतो आणि घरात मिलोची भाकरी होती. दाखल्याचा भरवसा नाही, पण दुष्काळ खरा. त्यावरून माझं वय निघतं.

दगडांचं वयही असंच काढतात. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे तसा तरुणच. चंद्रपूरजवळ इरई इथं त्याहून फार जुनी चुनखडी आहे. तिच्या पाठीवर हिमनदीनं रेटत नेलेल्या गोट्यांचे ओरखडे आहेत. १८७५ साली भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी त्यांच्यावर लिहिलं. ओरखडे सांगतात, दगड आधी, बर्फ नंतर. किती वर्षं आधी, हे मात्र ते सांगत नाहीत.

त्या बर्फाच्याही कितीतरी आधी जवळजवळ सगळी पृथ्वी गोठली होती, थेट विषुववृत्तापर्यंत. ज्वालामुखींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत साठत गेला, ऊब वाढली, बर्फ वितळला. मग पावसानं खडक झिजले, त्यांतला चुना समुद्रात उतरला आणि हिमनद्यांनी टाकलेल्या गाळगोट्यांवर चुनखडीचा थर बसला. नामिबियात, चीनमध्ये, आपल्याकडे हिमाचलात सोलनजवळ असे थर आहेत. इथं बर्फ आधी, दगड नंतर.

पण केव्हा? नुसत्या चुनखडीवरून नेमकं वय काढणं अवघड. मदतीला आली ज्वालामुखीची राख. तिच्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात. हा कण घडताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. पुढे त्या युरेनियमचं ठरलेल्या गतीनं शिसं होत राहतं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की वय कळतं.

२००४ साली नामिबियातल्या हिमगाळात सापडलेल्या राखेचं वय प्रसिद्ध झालं, सुमारे ६३.५५ कोटी वर्षं. २००५ साली दक्षिण चीनमधल्या चुनखडीतल्या राखेचं आलं, ६३.५२ कोटी, फार तर सहा लाख वर्षं इकडेतिकडे. दोन खंडांतले दोन साक्षीदार, एकमेकांना कधी न भेटलेले, आणि जबानी एकच. ती जुळली नसती, तर सगळी पृथ्वी एकाच वेळी गोठली आणि वितळली, ही गोष्ट संशयातच राहिली असती.

सोलनजवळचा थर त्याच काळातला मानला जातो, तो इतर थरांशी असलेल्या साम्यावरून. म्हणून त्याच्याविषयी बोलताना ‘मानला जातो’ एवढंच म्हणावं. आमच्या गुरुजींसारखं १ जून लिहून टाकू नये.