लंडनची जुनी घरे आणि नवी काच

लंडनच्या जुन्या वस्त्यांमधली एकमेकांना लागून उभी असलेली घरे रस्त्यावरून रुबाबदार दिसतात, पण आत चार पावले टाकली की दिवा लावावासा वाटतो. दोष त्यांच्या आराखड्यातच आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या अशा घराची रुंदी बहुधा पाच-सहा मीटर, आणि त्यावर तळघर धरून चार-पाच मजले. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून खिडक्या फक्त रस्त्याच्या आणि परसाच्या बाजूला. मजल्यावर एक खोली पुढे, एक मागे, आणि एका भिंतीला धरून वर जाणारा जिना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२मध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या १० क्रमांकाच्या घरात राहत होते आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५मध्ये विकत घेतले, ते पाहून आलेल्यांना असे उभे, अरुंद घर ओळखीचे वाटेल. उजेड दोन टोकांनी येतो आणि मध्यावर पोहोचेपर्यंत संपतो. साधा आडाखा असा की, खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड पोहोचतो.

त्या काळी काच मोठी मिळत नसे आणि स्वस्तही नसे. इंग्लंडमध्ये खिडक्यांवर १६९६ ते १८५१ असा दीडशे वर्षांहून अधिक काळ कर होता; शिवाय १७४५ ते १८४५ या काळात काचेवर अबकारी. विटांनी बुजवलेली प्रत्येक खिडकी त्या कराच्या खात्यावर टाकण्याची पद्धत आहे, पण त्यांतल्या कितीतरी मुळातच दर्शनी भागाचा तोल साधण्यासाठी आंधळ्या बांधलेल्या होत्या. खिडकीची काच फुंकून आणि गरगर फिरवून तयार करत. फिरता फिरता तिची भाकरीसारखी चकती होई, चार-पाच फूट व्यासाची, आणि मधली जाड गाठ टाळून तिच्यातून लहान लहान तावदाने कापली जात. वर सहा आणि खाली सहा तावदाने असलेली, वरखाली सरकणारी सॅश खिडकी ही या लहान काचांची देणगी. पुढे नळकांडे फुंकून, चिरून सपाट केलेली मोठी काच स्वस्त झाली, अबकारी उठली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या घरांत एका झडपेला एक-दोनच तावदाने दिसू लागली. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती आपोआप सपाट करण्याची पिल्किंग्टन कंपनीची रीत १९५९मध्ये जाहीर झाली. आजची जवळजवळ सगळी खिडकीची काच त्याच रीतीने बनते.

अशा घराचे नूतनीकरण करताना मालकाचा पहिला हट्ट असतो मागची भिंत पाडून तिथे काचेची सरकती दारे बसवण्याचा. परस घरात आल्यासारखे वाटते, छायाचित्रही छान निघते. पण दारालगतचा भाग झगझगीत झाला, की त्यामागचा मधला भाग डोळ्यांना आणखीच काळोखा भासतो. स्वयंपाकघर बाहेर वाढवून मग काच लावली, तर मधली खोली खिडकीपासून पूर्वीपेक्षाही दूर जाते. काच किती मोठी याहून ती आकाशाचा कोणता भाग पाहते, हे जास्त महत्त्वाचे.

लंडनचे आकाश पुष्कळदा ढगाळ असते. सगळीकडून दाट ढगांनी भरलेले आकाश क्षितिजाजवळ जेवढे उजळ असते, त्याच्या तिप्पट ते डोक्यावर असते. उभ्या खिडकीच्या वाट्याला आकाशाचा जेमतेम अर्धा भाग येतो, त्यातही खालचा, मंद. आणि तोही समोरच्या घरांच्या रांगेने झाकलेला. छपरातली काच मात्र थेट डोक्यावरच्या उजळ भागाकडे तोंड करून असते. म्हणून जिन्याच्या माथ्यावर बसवलेले एखादे बेताचे स्कायलाइट मागच्या आख्ख्या काचभिंतीपेक्षा घराचा जास्त कायापालट करते. जिन्याची पोकळी हीच उजेडाची विहीर होते. कठड्याचे गज बारीक ठेवले, भिंती पांढऱ्या रंगवल्या आणि जिन्याकडच्या दारांवर काचेची पट्टी घातली, की तो उजेड मजल्यामजल्यावर आत झिरपतो. ही युक्ती नवी नाही. मुख्य दारावरची अर्धगोल, पंख्यासारखी काच त्या काळच्या बांधणाऱ्यांनी अंधाऱ्या प्रवेशमार्गासाठीच घातली होती.

या विद्येतला उस्ताद म्हणजे वास्तुविशारद सर जॉन सोन. लिंकन्स इन फील्ड्समधले त्याचे १३ क्रमांकाचे घर आता संग्रहालय आहे. तिथल्या न्याहारीच्या लहानशा खोलीत मधोमध छतरीसारखा घुमट आहे, त्याच्या माथ्यावर काचेचा कंदील, आणि घुमटाच्या कडांपलीकडे वरून लपून येणारा उजेड भिंतींवर उतरतो. खोलीभर लहानमोठे बहिर्गोल आरसे बसवून त्याने तोच उजेड पुन्हा पुन्हा वापरला. काही ठिकाणी पिवळी काच घालून लंडनच्या करड्या दिवसाला त्याने इटलीचे ऊन चढवले. आजचे काम उलट्या दिशेने चालते. साध्या काचेत लोहाचा अंश असल्याने तिला हिरवट झाक असते आणि काच जाड झाली की ती जाणवते; म्हणून छपरासाठी पुष्कळदा कमी लोहाची, नितळ काच निवडतात.

व्हिक्टोरियाकालीन घरांच्या मागे, बाहेर आलेल्या स्वयंपाकघराच्या कडेला, एक अरुंद बोळ सुटलेला असतो. त्यात केराचे डबे आणि शेवाळ याखेरीज फारसे काही नसते. बोळावर काचेचे छप्पर घातले की स्वयंपाकघर रुंद होते आणि मधल्या खोलीलाही वरून उजेड मिळतो. हे काम सर्वांत फलदायी, आणि चुकण्याजोगेही. डोक्यावरच्या काचेचा आतला थर चिकटपडदा घातलेला, म्हणजे लॅमिनेटेड, असावा, म्हणजे ती फुटली तरी तुकडे खाली पडत नाहीत. काच अगदी सपाट न ठेवता किंचित उतार द्यावा लागतो, नाहीतर पाणी आणि काजळी साचून राहते. लंडनचा सूर्य हिवाळ्यात भर दुपारीही जेमतेम १५ अंशांवर येतो, पण उन्हाळ्यात ६२ अंशांपर्यंत चढतो. दक्षिणेकडे उतरते काचछप्पर तेव्हा खोली भाजून काढते. त्यासाठी उन्हाची उष्णता परतवणारा लेप असलेली काच, बाहेरून पडदा आणि वरच्या बाजूला उघडणारी झडप, या तिन्हींचा विचार आधीच करावा. इंग्लंडच्या नियमांनुसार वाढीव भागातली काच साधारणपणे त्याच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्क्यांपर्यंत, अधिक बुजवलेल्या जुन्या दारे-खिडक्यांइतकी. त्याहून जास्त हवी असल्यास उष्णतेचा हिशेब मांडून दाखवावा लागतो.

उष्णतेच्या बाबतीत काच पुष्कळ सुधारली आहे. जुन्या एकेरी तावदानातून आतबाहेरच्या दर अंश फरकामागे, दर चौरस मीटरला, सुमारे ५ वॅट उष्णता निसटते. दोन काचांमध्ये आरगॉन वायू भरून एकीवर चांदीचा अतिसूक्ष्म लेप दिला की हा आकडा सव्वाच्या आसपास येतो. तिहेरी काच तो आणखी उतरवते, पण तिच्यातून प्रकाशाचा सुमारे ७० टक्केच भाग पार होतो, तर एकेरी काचेतून ९० टक्के. उजेडासाठीच काम काढले असेल, तर तिहेरी काचेचा मोह सर्वत्र धरू नये.

दर्शनी खिडक्यांची गोष्ट निराळी. १७०० ते १८५० दरम्यानच्या बहुतेक अस्सल इमारती संरक्षित यादीत आहेत, आणि त्यांत परवानगीविना बदल करणे हा फौजदारी गुन्हा आहे. जुनी हाताने फुंकलेली काच किंचित लहरी असते. तिच्यातून समोरची रांग थरथरल्यासारखी दिसते. ती काढून टाकली की परत मिळत नाही, म्हणून ती राखण्यावर अधिकाऱ्यांचा कटाक्ष असतो. नेहमीच्या दुहेरी काचेला चौकटीतल्या नाजूक लाकडी पट्ट्या पेलवत नाहीत. अशा वेळी मूळ खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी काचझडप बसवणे हा उत्तम मार्ग. नको झाल्यास ती काढता येते, आणि अंतर शंभर मिलिमीटरहून अधिक ठेवले तर रस्त्याचा गोंगाटही कमी होतो. मूळ काच आधीच गेलेली असेल तर निर्वात काचेचा पर्याय आहे. दोन काचांमधल्या केसाएवढ्या फटीतली हवा काढून घेतलेली असते आणि बारीक ठिपक्यांएवढे खांब त्यांना एकमेकींपासून दूर धरतात. एकूण जाडी सहा ते आठ मिलिमीटर, त्यामुळे जुन्या झडपेत ती लांबी लावून बसू शकते. किंमत मात्र भरपूर.

शेजाऱ्याचा विचारही कायद्याने करावा लागतो. १८३२च्या कायद्यानुसार एखाद्या खिडकीला सलग वीस वर्षे प्रकाश मिळत आला असेल, तर तो अडवणाऱ्या बांधकामाला हरकत घेण्याचा हक्क खिडकीच्या मालकाला मिळतो. बोळावर छप्पर घालताना सामाईक भिंत उंचावली, तर हा प्रश्न हमखास उभा राहतो. म्हणून बरेच वास्तुविशारद भिंतीकडची कड जेवढी खाली आणता येईल तेवढी आणतात आणि काच घराच्या बाजूने वर चढवतात.