कच्चे गणित आणि भौतिकोपचार

उज्जयिनी ही गणिताची जुनी पेठ. वराहमिहिर याच अवंतीचा. प्राचीन भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा याच नगरीवरून गेली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा उभारली आणि 1923 साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. शिंद्यांची राजधानी 1810 साली ग्वाल्हेरीस गेली. परंतु त्यांच्यामागून आलेली मराठी घरे येथेच राहिली. अशा एखाद्या घरातील मुलीला दहावीच्या गणितात जेमतेम गुण मिळाले, की वडीलमंडळी निकाल देऊन मोकळी होतात : “हिला विज्ञान झेपायचे नाही.” त्याच घरात आजोबा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले असतात. त्यांचा हात रोज थोडा थोडा हालवून देणाऱ्या उपचारकाकडे ती मुलगी टक लावून पाहत असते, आणि हे काम आपल्याला येईल काय, हा प्रश्न मनातल्या मनात गिळून टाकते.

या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे हा तिचा हक्क आहे. ‘गणित मुळीच लागत नाही’ असे सांगणे जितके चुकीचे, तितकेच ‘दार बंद झाले’ असे सांगणेही चुकीचे.

भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, रीतसर शिक्षण आपल्या देशात प्रथम मराठी मुलखातच रुजले. 1952 च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली. ताप उतरला, पण मुलांचे पाय लुळे राहिले. औषधाची बाटली त्या पायांत बळ आणू शकत नव्हती. ते काम शिकलेल्या हातांचे होते. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के. ई. एम. रुग्णालयात 1953 साली भौतिकोपचाराची शाळा निघाली. पुढे 2014 साली भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. परंतु पक्षाघात, अपघात, गुडघेदुखी आणि पाठदुखी यांनी या विद्येचे काम कमी होऊ दिलेले नाही.

या शिक्षणासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय घ्यावे लागतात. गणित घ्यावे लागत नाही. पूर्वी हा पदवीक्रम आंतरवासितेसह साडेचार वर्षांचा होता. 2025 मध्ये जाहीर झालेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा ठरला. प्रवेशाचे नियम बदलत असल्याने त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच पाऊल टाकावे. अभ्यासाचा मोठा भाग शरीररचना, शरीरक्रिया, व्यायामोपचार आणि विद्युदुपचार यांचा असतो. मात्र शरीराचे गतिशास्त्र आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख यांपासून सुटका नाही, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

मग गणित किती लागते? एक उदाहरण घ्यावे. रोगी खुर्चीवर बसला आहे. गुडघा बळकट व्हावा म्हणून त्याच्या पायाला दोन किलोची वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करण्यास सांगितले. पिशवी गुडघ्यापासून 40 सेंटिमीटरवर बांधली, तर पाय आडवा होताच तिचा भार 2 गुणिले 40, म्हणजे 80 होतो. तीच 20 सेंटिमीटरवर बांधली, तर 40. वजन तेच, पण ओझे निम्मे. पाय खाली लोंबत असताना हा भार शून्य असतो; तो लंबापासून 30 अंश उचलला गेला, की पूर्ण भाराच्या निम्मा होतो. पाठ्यपुस्तकात याच गोष्टीला ‘साइन’ म्हणतात आणि मुली घाबरतात. वस्तुतः ही आपल्याच ज्योतिषांची ‘ज्या’. वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धान्तिका’ या ग्रंथात तिचे कोष्टक आहे.

दुसरे उदाहरण व्यायामाच्या मात्रेचे. अमेरिकेतील डॉ. डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांसाठी एक पद्धती मांडली. रोगी जे वजन जेमतेम दहा वेळा उचलू शकतो ते शोधावे. मग त्याच्या निम्म्याने दहा वेळा, पाऊणपटीने दहा वेळा आणि शेवटी पूर्ण वजनाने दहा वेळा व्यायाम द्यावा. दहा किलो असतील, तर पाच, साडेसात आणि दहा. हे गणित पावकी-निमकीपलीकडे जात नाही. परंतु ते चुकले, तर वहीवर लाल रेघ उमटत नाही. रोग्याचा सांधा सुजतो. म्हणून थोडेच, पण पक्के यावे लागते.

तेव्हा कच्च्या मुलीने बीजगणिताच्या जुन्या भीतीशी झुंजत बसू नये. अपूर्णांक, शेकडेवारी, प्रमाण, कोन आणि आलेख वाचणे एवढे निवडून रोज अर्धा तास घोटावे. कोनमापक घेऊन घरातल्या माणसांचे कोपर किती अंश वाकते, ते मोजून लिहून ठेवावे. वेधशाळेत जाऊन सम्राट यंत्राची तिरपी भिंत पाहावी. ती उज्जैनच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे 23 अंश, कललेली आहे. जो कोन तेथे दगडात बांधला आहे, तोच पुढे तिला हाडामांसात मोजायचा आहे. आणि पदवीचा अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागात परवानगी काढून चार दिवस काम पाहावे. मळलेली चादर, कण्हणे, तीच हालचाल शंभरदा करून घेणे, हे पाहून मन मागे सरत नसेल, तर अर्धी परीक्षा तेथेच उत्तीर्ण झाली.

कारण या व्यवसायाचे अवघड गणित वेगळेच आहे. रामघाटाच्या पायऱ्या उतरायला गुडघा सुमारे 90 अंश वाकावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर एखाद्या म्हाताऱ्या बाईचा गुडघा 60 अंशांवर अडला असेल, तर उरले 30. आठवड्याला पाच म्हटले, तर सहा आठवडे. पण सांधा त्रैराशिकाने वाकत नाही. एखाद्या आठवड्यात आठ अंश मिळतात. एखाद्यात दोन गमावले जातात आणि बाई रडू लागते. अशा वेळी तिच्याशी तिच्याच माळवी बोलीत दोन शब्द बोलून उद्या पुन्हा यायला लावणे, ही विद्या कोणत्याही कोष्टकात नाही. जिच्याजवळ ती आहे, तिने पावकी-निमकी अवश्य शिकावी. ती वर्षभरात येते. दुसरी मात्र शाळेच्या गुणपत्रिकेवर कधीच उमटत नाही.