जाड फायबर, तीन रंग

घरी इंटरनेट आणणारं फायबर काचेचं असतं, केसासारखं बारीक, आणि त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. आज बोलू त्याच्या जाड भावंडाबद्दल, म्हणजे प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबरबद्दल. जाडी एक मिलिमीटर. मालमसाला आपल्या ओळखीचाच, ॲक्रिलिक. यातून जातो साधा दिसणारा प्रकाश, बहुधा ६५० नॅनोमीटरचा लाल. २००१ सालच्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये गाणी, नेव्हिगेशन वगैरे यंत्रणा याच लाल प्रकाशाने जोडल्या होत्या. ब्लेडने कापा, सॉकेटात खोचा, झालं काम!

अडचण जाडीचीच आहे. काही किरण सरळ जातात, काही भिंतींवर आपटत नागमोडी. एकाच वेळी निघालेले किरण मागेपुढे पोहोचतात आणि एक स्पंद पुढच्यात मिसळतो. त्यामुळे एका रंगावर वेग फार वाढवता येत नाही. मग सुचतं, की लालबरोबर हिरवा आणि निळाही सोडू, प्रत्येकावर वेगळा संदेश. काचेच्या फायबरमध्ये असं रोज चालतं. इथे का अडतं?

आधी एकत्र आणण्याचं बघा. तीन फायबर तेवढ्याच जाडीच्या चौथ्याला नुसते चिकटवले, तर प्रत्येकाचा जेमतेम एक तृतीयांश प्रकाश आत शिरतो. म्हणून फिल्टर लागतात, आणि दुसऱ्या टोकाला रंग वेगळे करायलाही तेच. फिल्टर म्हणजे काचेवरचे अतिशय पातळ थर. एक रंग आरपार सोडतात, दुसरा परतवतात. पण किरण तिरका आला की त्यांची सीमा निळ्याकडे सरकते. साबणाच्या फुग्याकडे मान हलवून बघा, रंग बदलतो ना? तसंच हे. आणि आपल्या फायबरमधून प्रकाश बाहेर येतो तो दोन्ही बाजूंना ३० अंशांपर्यंत फाकून! आधी लेन्सने किरण समांतर करावे लागतात, आणि उगमच एक मिलिमीटर रुंद असल्याने ते पूर्ण समांतर कधीच होत नाहीत. जितके समांतर हवेत तितकी लेन्स मोठी. स्वस्त फायबरला महागडा चष्मा म्हणा.

आता हिशेब. ५० मीटरनंतर लाल प्रकाश साधारण १८ टक्के उरतो, ५२० नॅनोमीटरचा हिरवा ४० टक्क्यांच्या आसपास. समजा, या जुळवाजुळवीत निम्मा प्रकाश गेला. लालच्या दृष्टीने हे २० मीटर जास्त फायबर टाकल्यासारखंच झालं. निळ्याचं दुखणं आणखी वेगळं, कारण सिलिकॉनचे रिसीव्हर निळ्याला कमी दाद देतात.

माझं मत विचाराल तर नवीन वायरिंग करताना सरळ दुसरं फायबर टाका. ते या सगळ्यापेक्षा स्वस्त पडतं. रंगांची खटपट करावी ती फायबर आधीच भिंतीत गेलंय आणि दुसरं घालायला जागा नाही तिथे. तिथेही सुरुवात लाल-हिरव्या जोडीने करा. अंतर थोडं असेल आणि दोन्ही टोकांना प्रकाश पुरेसा उरत असेल, तरच निळ्याचा विचार.